आईसुद्धा बाहेर

करंजमाळ हे खटाव तालुक्यातलं, वडूजपासून अकरा मैलांवरचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीच्या ठरावाच्या वहीत १९९६ सालचे एकवीस ठराव आहेत. त्यातले वीस कुठल्याही गावाच्या वहीत सापडतील असे आहेत. रस्त्यावर मुरूम टाकावा, हातपंप दुरुस्त व्हावा, पंचायत समितीकडून चांगल्या जातीचा वळू मिळावा, वगैरे. एकविसावा, म्हणजे तारखेने पहिलाच, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेतला आहे. तो असा: ‘आपल्या गावची लेक अगर सून भाजून दवाखान्यात दाखल झाल्यास तिचा जबाब घेतेवेळी सासरचे किंवा माहेरचे कोणीही माणूस, तिच्या आईसह, खोलीत थांबू नये. सरकारने तसा हुकूम काढावा.’ सूचक म्हणून सरपंच सौ. राहीबाई आकाराम यांचं नाव आहे. अनुमोदक म्हणून गुंडा नावाच्या सदस्याचं आहे. आपण कशाला अनुमोदन दिलं हे त्यांना चहा आल्यावर कळलं.

सभेला साठेक माणसं होती. झेंडा झाला होता, पोरांना गोळ्या वाटून झाल्या होत्या आणि उन्हं वाढायला लागली होती. अशा वेळी सरपंचबाईंनी हा विषय काढला तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की बाई वाचताना चुकल्या. मग जोतिबा उठला. जोतिबा हा पंचायतीचा सदस्य, आणि गावातला हरकत घेणारा माणूस. प्रत्येक गावाला एक लागतोच.

“सासरची भाईर काढा, बराबर हाय,” तो म्हणाला. “पर आईला कशापायी? आई काय वैरीण हाय व्हय?”

“न्हाई,” राहीबाई म्हणाली. “म्हणूनच.”

पुढचा विषय वळूचा होता आणि त्यावर बोलायला लोक उतावीळ झाले होते. ठराव एकमताने मंजूर झाला.

आईला का बाहेर काढायचं ते गावाला माहीत नव्हतं, कारण राहीबाईने ते कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर तिचं घर मोडलं असतं. घर मोडू नये म्हणून तिने जे केलं होतं तेच तर सांगायचं होतं.

तिच्या पोटी दोन लेकरं. थोरला कृष्णात, तो फौजेत गेला. करंजमाळच्या माळावर बाजरी आणि मटकी येते, आणि पोरं फौजेत जातात. धाकटी मालन. तिच्या लग्नाचं बघायला लागल्यावर इस्लामपूरकडून, कासारबोर गावच्या हंबीररावांकडून निरोप आला. हंबीरराव म्हणजे बारा एकर ऊस, दारात जीप, गोठ्यात आठ म्हशी आणि त्यांच्या शेणावर चालणारा गोबरगॅस. असल्या घरातून खटावच्या माळावर निरोप येतो तेव्हा त्यात काहीतरी असतंच. हंबीररावांची मुलगी अंजना हिचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने बारीक होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुमच्या फौजीला आमची अंजना करून घ्या, आम्ही आमच्या भाऊसोला तुमची मालन करून घेतो.

ह्याला साटंलोटं म्हणतात. दोन घरांनी एकमेकांच्या लेकी सुना म्हणून न्यायच्या. एक मांडव, एक वाजंत्री, एक जेवणावळ आणि दोन लग्नं. खर्च वाचतो हे तर आहेच, पण खरी सोय वेगळी आहे. इकडची सून रडली की तिकडचीला रडवता येतं, हे दोन्ही घरांना ठाऊक असतं. त्यामुळे सहसा दोघीही बऱ्या राहतात. अडचण येते ती दोघींतली एक मरायला टेकल्यावर. त्या प्रसंगाची तरतूद ह्या प्रथेत नाही.

१९८७ साली लग्नं झाली. राहीबाईने आयुष्यभर दीड मैलावरून पाणी आणलेलं, त्यामुळे लेक पाण्याच्या गावाला पडली ह्याचं तिला फार अप्रूप होतं. पहिल्या दिवाळीला मालन माहेरी आली तेव्हा राहीबाईने तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, नळ घरात आहे की दारात. घरात होता. स्वयंपाक गॅसवर होता. चार वर्षांत मूल मात्र झालं नाही. तिसऱ्या वर्षापासून मालन माहेरी यायची तेव्हा कमी बोलू लागली आणि राहीबाईने कमी विचारायला सुरुवात केली. इकडे अंजना सासूच्या हाताखाली चांगली रुळली होती. पाय ओढत का होईना, भाकरी थापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. राहीबाईचा तिच्यावर जीव होता, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

१९९१ च्या ऑक्टोबरात, बाजरीची काढणी चालली असताना, हंबीररावांची जीप करंजमाळच्या वेशीत आली. मालन भाजली होती. तिला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं, आणि आई-बापांना आणायला हंबीररावांनी स्वतःची गाडी पाठवली होती. ह्या माणसाच्या रीतीभातीला कधीच कुणाला नाव ठेवता आलं नाही.

भाजलेल्यांच्या खोलीत सहा खाटा होत्या, सहाही बायकांच्या. मालन दारापासून दुसरी. मानेखाली पाहण्यासारखं काही राहिलं नव्हतं, पण तोंड शाबूत होतं आणि डोळे शाबूत होते. ती बघू शकत होती. माया नावाची तिथली आया तिच्या ओठांना कापसाने पाणी लावत होती.

बाहेर व्हरांड्यात हंबीरराव आणि मालनचा बाप आकाराम बाकावर बसले होते. राहीबाई तोंडावर पाणी मारायला बाहेर आली तेव्हा हंबीररावांनी तिला बसायला जागा करून दिली. ते धमकी देण्यातले नव्हते. ते म्हणाले, “ईनबाई, तुमची पोर आमच्या घरात, आमची तुमच्या घरात. अंजनाला सातवा लागलाय. दोघी बी सुखात ऱ्हाव्यात, येवढंच माझं म्हणनं.”

दोघींपैकी एक त्या वेळी सत्तर टक्के भाजलेली होती. पण वाक्यात व्यंग काढायला जागा नव्हती. आकाराम फरशीकडे बघत होता.

थोड्या वेळाने नायब तहसीलदार आले. भाजलेल्या बाईचा जबाब घ्यायची एक पद्धत आहे. रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत आहे असं डॉक्टर लिहून देतात. मग अधिकारी विचारतात, कारकून उतरवून घेतो, आणि बाई मेली तर तो कागद कोर्टात तिच्या जागी उभा राहतो. मरणाऱ्या माणसाला खोटं बोलायचं कारण उरत नाही, अशी कायद्याची समजूत आहे. कायदा करणाऱ्यांनी साटंलोटं पाहिलेलं नसावं.

साहेबांना हंबीररावांनी खुर्ची दिली. खाटेभोवती भाऊसो, त्याची आई, हंबीरराव, आकाराम आणि राहीबाई असे सगळे उभे होते. बाहेर जा असं कुणी कुणाला म्हणालं नाही. घरचीच माणसं होती. उलट साहेबांनी राहीबाईला पुढे बोलावलं, आईने जवळ बसावं, पोरीला धीर येईल म्हणून. तो माणूस वाईट नव्हता.

राहीबाई उशाशी वाकली. पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले. ते करता करता कानात म्हणाली, “मालन, स्टो भडकला म्हण. अंजना पोटुशी हाय.”

मालनने तिच्याकडे पाहिलं. मग साहेबांनी विचारलं, काय झालं ते सांग. मालन साहेबांकडे न बघता आईकडेच बघत म्हणाली, “स्टो भडकला.” तुझी कुणाबद्दल तक्रार आहे का? पुन्हा आईकडे बघितलं. न्हाई. लहानपणापासून ऐकणारी पोर होती. हाताचा अंगठा उठण्यासारखा नव्हता, म्हणून कारकुनाने पायाच्या अंगठ्याला शाई लावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

कासारबोरच्या घरात स्टो नव्हता. लग्नापासून त्या घरात गोबरगॅसच होता आणि ही गोष्ट आजूबाजूच्या चार गावांना माहीत होती, कारण हंबीरराव तो सगळ्यांना हौसेने दाखवत असत. पंचनाम्यात मात्र स्टो सापडला. नवा होता. पंचांनी सह्या केल्या आणि अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाला.

मालनला बाहेर नेत होते तेव्हा माया आया राहीबाईच्या शेजारून चालत होती. ती काही रागाने बोलली नाही. वॉर्डात अकरा वर्षं काढल्यावर राग फार वेळ टिकत नाही. “मावशी,” ती म्हणाली, “सकाळी तुमी यायच्या आदी ती माज्यापाशी बोलत हुती. तुमी भाईर ऱ्हायला असता तर सायबापुढं बी बोलली असती.”

ती काय बोलत होती हे राहीबाईने विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आयाने ऐकलेलं तसंही कागदावर येत नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. डिसेंबरात अंजना बाळंत झाली, मुलगी झाली. राहीबाईने तिला सव्वा महिना भुई शिवू दिली नाही. दहा महिन्यांनी भाऊसोचं दुसरं लग्न ठरलं. अंजनाच्या भावाचं लग्न म्हणजे जवळचं कार्य, तेव्हा पत्रिका आली आणि करंजमाळची माणसं गेली. राहीबाईने नव्या नवरीला आहेर केला आणि पंगतीत बसून जेवली. बुंदी चांगली झाली होती असं परतताना आकाराम म्हणाला.

१९९५ साली सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा गावातल्या जाणत्यांनी राहीबाईचं नाव काढलं. तिच्या बाजूने तीन गोष्टी होत्या. पोरगा फौजेत, व्याही वजनदार, आणि बाई चार वर्षांत कुणाशी कामापलीकडे बोललेली नाही. अशी बाई कागदावर सही करील आणि खुर्ची अडवणार नाही, असा अंदाज होता. तो मुरूम, हातपंप आणि वळू ह्यांच्यापुरता बरोबरही ठरला.

ठराव झाल्यावर ती त्याच्या नकला घेऊन वडूजच्या तहसीलला गेली, मग साताऱ्याला, मग एकदा मुंबईलाही पत्र गेलं. आवक क्रमांक सगळ्यांनी दिला. तीन कार्यालयांनी उत्तरं पाठवली. पहिल्याने हा विषय आरोग्य खात्याचा आहे असं कळवलं, आरोग्य खात्याने तो पोलिसांचा आहे असं, आणि पोलिसांनी तो महसूल खात्याचा, म्हणजे पहिल्याचाच. राहीबाईला वाचता बेतानेच येत होतं, पण एवढं तिला कळलं. तिने नकलेवर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का मारला, ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि एसटीत बसून थेट मोठ्या दवाखान्यात गेली.

साताऱ्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या ठरावाला सांगली जिल्ह्यात काडीची किंमत नाही. सातारा जिल्ह्यातही नाही. पण डोक्यावर पदर घेतलेली, पन्नाशीची, ठाम उभी राहणारी बाई गोल शिक्क्याचा कागद पुढे करते तेव्हा अधिकारी तो वाचत बसत नाहीत. शिक्का बघतात. त्यातून रिकाम्या खोलीत जबाब घेणं त्यांनाही सोपंच जायचं. गलका कमी. “सगळे बाहेर व्हा” म्हणायला त्यांना फक्त कुणीतरी निमित्त द्यायला हवं होतं.

निरोप माया पाठवायची. कुणी भाजलेली बाई आली की स्टँडवर वडूज गाडीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी जायची, त्यात फक्त ‘या’ एवढंच असायचं. मग राहीबाई पहिल्या गाडीने निघायची. दोन वर्षांत ती सतरा वेळा गेली. चार वेळा पोचेपर्यंत उशीर झाला होता. उरलेल्या तेरा जणी खरं बोलल्या की नाही ते सांगता येत नाही, कारण ती स्वतःही बाहेरच बसायची. एकीचा स्टो खरोखर भडकला होता. दोघींच्या नवऱ्यांना पुढे शिक्षा झाली. एका बाईने एकटीने, मोकळ्या खोलीत, दार लावून घेऊनही सासूचं नाव घेतलं नाही, आणि नंतर कळलं की हात सासूचाच होता. ह्या कामात असं होतं.

इस्लामपूरच्या एका महिला संघटनेने तिला मेळाव्यात बोलायला नेलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी आईचं काळीज ह्या विषयावर बरंच बोलून तिला माइकपुढे उभं केलं. राहीबाई चार वाक्यं बोलली आणि खाली बसली. चहाच्या वेळी एका शिकलेल्या कार्यकर्तीने तिला समजावलं की ताई, तुमची मागणी चांगली आहे, पण आईला तरी आत राहू द्या, पीडितेला आधार लागतो.

“आधार मागनं द्या,” राहीबाई म्हणाली. “आदी बोलू द्या.”

तुमची मुलगी कशानं गेली, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, भाजून. ते खरंच होतं.

१९९८ च्या फेब्रुवारीत चिठ्ठी आली ती तासगावच्या पोरीबद्दल. नाव प्रियदर्शनी, वय एकोणीस. तिची आई शेवंता बेदाण्याच्या शेडवर मजुरीला जायची. द्राक्षं जाळ्यांवर पसरायची, सुकली की झाडून घ्यायची, असलं काम. निरोप मिळाला तशी ती कामावरून उठून आली होती आणि तिच्या लुगड्याला शेडमधल्या गंधकाच्या धुरीचा वास येत होता. शेवंताने आपल्या दोन्ही लेकी एकाच घरात दोघा भावांना दिल्या होत्या. बहिणीला बहीण सोबत राहते म्हणून. धाकटी अजून त्याच घरात होती. त्या घरातली चार माणसं व्हरांड्यात उभी होती आणि त्यांतल्या एका पुरुषाने शेवंताला बाजूला घेऊन काहीतरी सांगितल्याचं मायाने पाहिलं होतं. काय सांगितलं ते राहीबाईला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

नायब तहसीलदार नवे होते. तरुण होते, आणि दुर्दैवाने वाचणारे होते. त्यांनी ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“बाई, हा ठराव आहे, आदेश नाही,” ते म्हणाले. “आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीचा आहे. सासरच्यांना मी बाहेर ठेवतो. पण आईला कुठल्या नियमाने काढू?”

नियम नव्हता. शेवंताने खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला होता. पोर तिच्याकडे बघत होती, एकटक, एखाद्या परीक्षेला बसलेल्या मुलीने फळ्याकडे बघावं तशी.

“मी न्हाई हालायची,” शेवंता म्हणाली. “माजी पोर हाय. तुमी कोन मला भाईर काडनार?”

खोलीत माया होती, डॉक्टर होते, साहेब आणि त्यांचा कारकून होता. दार उघडं होतं आणि दाराशी बघ्यांची गर्दी होती. त्यात कासारबोरचा एक माणूस होता. त्याच्या भावाला ऊस तोडताना साप चावला होता आणि तो शेजारच्या वॉर्डात होता. राहीबाईने त्याला पाहिलं आणि ओळखलं. भाऊसोच्या दुसऱ्या लग्नात त्याने पंगतीत वाढलं होतं. आता जे बोलायचं ते त्याच्या कानावर पडलं की उद्यापर्यंत कुठे पोचणार, हे तिला कळत होतं. ती दार लोटून घेऊ शकली असती. तेवढा वेळ नव्हता. पोरीचा श्वास वर लागला होता आणि डॉक्टर घड्याळ बघत होते.

“मी मालनची आई,” ती शेवंताला म्हणाली. “एक्क्यान्नव सालात ह्याच खोलीत पोरीच्या कानात सांगितलं मी, स्टो भडकला म्हण. तिच्या नवऱ्याची भन माज्या घरात सून हुती, पोटुशी. मला सून जपायची हुती, पोराचा संसार जपायचा हुता. पोरीनं ऐकलं माजं. मरताना ऐकलं.”

शेवंताची दांड्यावरची पकड सुटली नाही.

“तुमी हितं थांबला तर ती तुमच्या तोंडाकडं बघून बोलंल. सायबाकडं बघायची न्हाई. बघा, आता बी तुमच्याकडंच बघतीया.”

शेवंताने खाटेकडे वळून पाहिलं. मग तिने दांड्यावरचा एक हात सोडला, थोड्या वेळाने दुसरा, आणि ती भिंतीला धरून बाहेर गेली. राहीबाईही तिच्या मागून बाहेर आली. दार साहेबांनी स्वतः लावून घेतलं.

जबाब पंचवीस मिनिटं चालला. प्रियदर्शनी दोन दिवसांनी गेली. तिने काय सांगितलं ते तिच्या सासरच्या गावात पोलिसांची गाडी आली तेव्हा कळलं. नवरा आणि सासरा दोघांनाही नेलं. धाकट्या बहिणीला त्याच दिवशी अंगावरच्या लुगड्यानिशी घराबाहेर काढलं. ती शेवंताकडे आली. जिवंत आली.

राहीबाईचं बोलणं एसटीपेक्षा लवकर कासारबोरला पोचलं. दोन दिवसांनी हंबीररावांची जीप करंजमाळला आली. ते म्हातारे झाले होते. चहा नको म्हणाले, हे त्यांच्याकडून पहिल्यांदाच घडत होतं. “ईनबाई, तुमी साऱ्या दवाखान्यात आमच्या घराला खुनी म्हनालात. अंजनापायी लेकीला गप केली म्हनालात.”

“मी माज्याबद्दल बोलले,” राहीबाई म्हणाली.

“त्येच त्ये,” ते म्हणाले आणि अंजनाला सामान आवरायला सांगितलं.

अंजना चुलीपुढे बसली होती. सहा वर्षांची पोर तिच्या पाठीला चिकटून होती. अंजनाला मालन दोन्हीकडून लागत होती, भावाची बायको म्हणून वहिनी आणि नवऱ्याची बहीण म्हणून नणंद. तिने बापाकडे पाहिलंच नाही.

“आत्या,” ती सासूला म्हणाली, “मला जपायसाटी वयनीला घालवली, ह्ये मला आज कळतंय. आता ह्या घरात घास कसा उतरंल मला?” मग बापाकडे मान वळवली. “आन् तितं बी कसा उतरंल?”

जीप रिकामीच परत गेली. दुसऱ्या दिवशी अंजनाने पोरीला घेतलं, एक ट्रंक घेतली आणि पाय ओढत ती एसटीत बसली. कृष्णातची पलटण तेव्हा बेळगावला होती. आठवड्याभराने त्याचं पत्र आलं. कृष्णात पत्रातही फौजेतल्यासारखंच लिहायचा. दोघी सुखरूप पोचल्या, राहण्याची व्यवस्था झाली, पुढील कळवेपर्यंत घरी येणं होणार नाही, आईने तब्येतीची काळजी घ्यावी. खाली मालनबद्दल एक ओळ लिहून खोडली होती. आकारामने ते पत्र उजेडाला धरून बराच वेळ ती ओळ लावायचा प्रयत्न केला. ती लागली नाही. मग तो एवढंच म्हणाला, “मी बी व्हरांड्यातच हुतो की.” त्या विषयावर तो सात वर्षांत पहिल्यांदा बोलत होता.

एप्रिलमध्ये सरपंचांवर अविश्वासाचा ठराव आला. कारणं दोन लिहिली होती, गावाची बदनामी आणि सतत परगावी असणे. नऊपैकी सात हात वर गेले. जोतिबाचा गेला नाही. त्याने ह्याही ठरावाला हरकत घेतली. बाईनं खोटं काय सांगितलं, असं त्याने विचारलं, आणि खाली बसला. गोल शिक्का ग्रामसेवकाच्या टेबलाच्या खणात गेला. नवीन सरपंचबाईंनी तो कधी मागितल्याचं ऐकिवात नाही.

चिठ्ठ्या येत राहिल्या. राहीबाई जात राहिली.

१९९९ च्या जूनमध्ये ती गेली तेव्हा खाटेवर इस्लामपूरकडची बाई होती आणि तिची आई आत बसली होती. आधीच्या साहेबांची बदली झालेली. नव्यांनी राहीबाईला विचारलं की आपण कोण, कुठल्या संघटनेच्या, काही कागद आहे का. राहीबाई म्हणाली, कागद नाही. मग आईकडे वळून तिने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. आता ते तिला पाठ झालं होतं. एकदाही आवाज चढला नाही आणि एकदाही रडली नाही, त्यामुळे काही बायकांना ती दगडाची वाटायची. ह्या आईलाही वाटली असावी. तरी ती उठली.

दोघी बाहेर बाकावर बसल्या. दार लागलं. आतून कारकुनाच्या खोकण्याचा आवाज आला, मग दबकं बोलणं. त्या आईला वाटत होतं की राहीबाई काहीतरी बोलेल, देवाचं नाव घेईल, पाठीवर हात ठेवील. राहीबाई पदर सारखा करून समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती.

मग ती आई म्हणाली, “तुमी त्या दिशी भाईर ऱ्हायला असता, तर तुमची पोर काय बोलली असती वो?”

“म्हाईत न्हाई,” राहीबाई म्हणाली. “मी बोलूच कुटं दिलं.”

आत अजून बोलणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते. दोघींपैकी कुणीही दाराला कान लावला नाही.